लोह-ऑक्साइडच्या पातळ थरावर हायड्रोजन: पहिला प्रयोग कसा लावायचा

हायड्रोजन लोह-ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, त्याचं पाणी होतं, मागे लोखंड उरतं. शाळेत आपण एवढं शिकतो आणि ते खोटं नाही. पण काही नॅनोमीटर जाडीचा स्वच्छ थर घेऊन त्यावर खोलीच्या तापमानाला हायड्रोजन सोडला, तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. रेणू येतो, थराला टेकतो आणि निघून जातो. नवा विद्यार्थी मग सिलिंडर तपासतो, गळती शोधतो, मार्गदर्शकांना फोन करतो. दोष यंत्रणेचा नसतो. हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल लागतात, आणि ऑक्साइडचा निर्दोष पृष्ठभाग हे काम सहजासहजी करत नाही.

म्हणून या विषयात पाऊल टाकताना दोनच प्रश्न सतत जवळ ठेवा. रेणू तोडला कोणी? आणि तुटलेला हायड्रोजन पृष्ठभागावरच बसून राहिला, की ऑक्सिजनला घेऊन पाणी होऊन गेला?

दुसऱ्या प्रश्नाकडे लोक दुर्लक्ष करतात, म्हणून त्यावर थोडं थांबतो. हायड्रोजनचा अणू पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनवर बसला की हायड्रॉक्सिल गट तयार होतो. त्याचा इलेक्ट्रॉन शेजारच्या लोहाकडे जातो आणि तीन धनभाराचं लोह दोन धनभाराचं होतं. मोजमापात ‘क्षपण झालं’ असं दिसतं, पण ऑक्सिजनचा एकही अणू अजून थर सोडून गेलेला नसतो. पुढे तापवलं की दोन वाटा फुटतात: दोन हायड्रोजन पुन्हा जोडी करून उडून जातात आणि थर होता तसा होतो, किंवा ते थरातला ऑक्सिजन उचलून पाणी म्हणून जातात आणि मागे रिकामी जागा राहते. पहिला बदल परतीचा, दुसरा खरं क्षपण. वहीत या दोघांसाठी वेगळे शब्द वापरायची सवय पहिल्याच दिवसापासून लावा.

आपण कुठल्या ऑक्साइडबद्दल बोलतोय?

लाल-तपकिरी हेमॅटाइट, काळा मॅग्नेटाइट आणि वुस्टाइट ही तीन नावं पुरेत. हायड्रोजनखाली हेमॅटाइटचा आधी मॅग्नेटाइट होतो. त्यापुढचा मार्ग तापमानावर ठरतो. साधारण ५७० अंश सेल्सिअसच्या वर मॅग्नेटाइट, मग वुस्टाइट, मग लोह. त्याखाली वुस्टाइट स्थिर नसतो, मॅग्नेटाइटपासून थेट लोह मिळतं. आपला प्रयोग ४०० अंशांचा आहे, त्यामुळे वुस्टाइट आपल्या वाटेत यायला नको. एक अपवाद आहे. प्लॅटिनमसारख्या धातूवर एका थराचा लोह-ऑक्साइड वुस्टाइटच्या रचनेत मजेत राहतो, कारण खालचा धातू त्याला सांभाळून घेतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

थर बनवणं

पहिला थर म्हणून लोखंडाचा पत्रा तापवून त्यावर आलेला निळसर थर घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. स्वस्त आहे, रंग सुरेख येतो, आणि हायड्रोजनमध्ये रंग उडालेला डोळ्यांना दिसतो. प्रात्यक्षिक म्हणून उत्तम, पण निष्कर्ष काढायला वाईट. अशा थरात वर हेमॅटाइट आणि खाली मॅग्नेटाइट असतो, त्याखाली लोखंडाचा अखंड साठा. तापवलं की खालचं लोह वर सरकतं आणि हायड्रोजनचा थेंब नसतानाही हेमॅटाइटचा मॅग्नेटाइट करून टाकतं. श्रेय मात्र तुम्ही हायड्रोजनला देऊन मोकळे होता.

त्यापेक्षा क्वार्ट्झ किंवा नीलमच्या तुकड्यावर स्पटरिंगने (निर्वातात आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून तुकड्यावर बसवण्याच्या पद्धतीने) ५० नॅनोमीटर लोह चढवा आणि भट्टीत हवेतच ५०० अंशांना दोनेक तास ठेवा. हेमॅटाइट होताना आकारमान सुमारे २.१ पट वाढतं, म्हणजे साधारण १०५ नॅनोमीटरचा पारदर्शक, नारिंगी-तपकिरी थर मिळतो. स्पटरिंगवाल्यांना आधीच सांगून ठेवा की टार्गेट, म्हणजे जिच्यातून अणू उडतात ती चकती, लोहाचं आहे. ते जाड असेल तर यंत्रातल्या चुंबकांचं (मॅग्नेट्रॉनचं) क्षेत्र टार्गेटमध्येच मुरतं आणि प्लाझ्मा नीट पेटत नाही. पातळ टार्गेट लागतं. एकाच वेळी दहाबारा तुकडे करून ठेवा आणि त्यातला एक कधीही न तापवता बाजूला ठेवा. तुलना करायला मूळ नमुना उरलेला नसणं ही फार नेहमीची अडचण आहे.

सिलिकॉनवर थर चालतो, पण जास्त तापमानाला लोह सिलिकॉनशी संयोग करू लागतं. नवख्याने ती गुंतागुंत टाळावी.

कागदावरचा हिशोब

भट्टी पेटवण्याआधी हा हिशोब करा, कारण कुठलं उपकरण उपयोगाचं आणि कुठलं नाही हे तिथेच कळतं. एक चौरस सेंटिमीटरवर १०० नॅनोमीटर हेमॅटाइट म्हणजे सुमारे ५३ मायक्रोग्रॅम. त्याचं पूर्ण लोह झालं तर वजन ३० टक्के घटतं, म्हणजे १६ मायक्रोग्रॅम. वजनातली घट मोजणाऱ्या नेहमीच्या टीजीए यंत्रात एवढी घट वायूच्या उत्प्लावक बलातल्या फरकात आणि यंत्राचा शून्य सरकण्यात हरवून जाते. हायड्रोजन किती लागेल? सुमारे एक मायक्रोमोल, म्हणजे खोलीच्या तापमानाला २४ मायक्रोलिटर. तुमच्या नळीतून मिनिटाला ५० मिलिलिटर मिश्रण जात असेल आणि त्यात ५ टक्के हायड्रोजन असेल, तर मिनिटाला २५०० मायक्रोलिटर हायड्रोजन वाहतोय. त्यातले २४ कमी झालेले टीपीआरच्या (तापमान चढवत किती हायड्रोजन खर्च होतो ते मोजणाऱ्या तंत्राच्या) डिटेक्टरला कसे दिसणार? भुकटीवरचे टीपीआरचे आलेख पाहून ‘माझा आलेख सपाट का?’ असं विचारणाऱ्याला उत्तर हेच. पातळ थरासाठी प्रकाश, विद्युतरोध आणि पृष्ठभाग वाचणारी तंत्रं कामाची. वजन आणि वायूचं मोजमाप भुकटीसाठी ठेवा.

वायू आणि नळी

हवेत ४ ते ७५ टक्के या पट्ट्यात हायड्रोजन पेट घेतो, पेटवायला अगदी क्षीण ठिणगी पुरते, आणि ज्वाला उजेडात जवळपास दिसत नाही. म्हणून शुद्ध हायड्रोजन नको, नायट्रोजन किंवा आर्गॉनमधलं ५ टक्क्यांचं तयार मिश्रण घ्या. यातही एक गैरसमज फिरतो: ‘५ टक्के म्हणजे पेटत नाही’. नायट्रोजनमधल्या मिश्रणाला हे साधारण लागू पडतं. आर्गॉनमध्ये सुरक्षित मर्यादा त्याहून खाली असते, कारण आर्गॉन उष्णता कमी शोषतो. मिश्रण कुठलंही असो, बाहेर जाणारी नळी खिडकीबाहेर किंवा फ्यूम हुडमध्येच सोडा. ज्वलनशील वायूंच्या सिलिंडरला डाव्या आट्या असतात. हाती आलेला रेग्युलेटर बसत नसेल तर पाना जोरात फिरवू नका, तो रेग्युलेटरच वेगळा आहे. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

नळीच्या बाहेरच्या टोकाला बबलर (वायू द्रवातून बुडबुडत बाहेर सोडणारी बाटली) हवा, म्हणजे हवा उलटी आत शिरणार नाही आणि प्रवाह चालू आहे हेही दिसेल. त्यात पाणी नको, सिलिकॉन तेल घाला. पाण्याची वाफ मागे सरकते, आणि पुढे दिसेल की या प्रयोगात वाफेला फार महत्त्व आहे. शिवाय भट्टी थंड होताना नळीतला वायू आकसतो; प्रवाह कमी असेल तर बबलरमधला द्रव गरम क्वार्ट्झकडे खेचला जातो. मध्ये एक रिकामी बाटली जोडली की ही भीती गेली.

सुरुवातीला नळीतली हवा आर्गॉनने घालवा. नळीच्या आकारमानाच्या किमान पाचपट वायू जाऊ द्या, मगच हायड्रोजनचं मिश्रण, मगच भट्टी. शेवटी उलट क्रम: भट्टी बंद, थंड होईपर्यंत वायू चालू, मग आर्गॉन, मग झाकण.

तीन फेऱ्या, तीन उत्तरं

आता मुख्य काम. तीन सारखे तुकडे घ्या, तिघांनाही मिनिटाला ५ अंशांनी ४०० अंशांपर्यंत न्या आणि तासभर ठेवा. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नमुन्याच्या अगदी शेजारी हवा. भट्टीच्या पडद्यावरचा आकडा हीटरजवळचा असतो, नमुन्याचा नसतो, आणि दोघांत बराच फरक पडू शकतो.

पहिली फेरी नुसत्या आर्गॉनची. ही कंटाळवाणी वाटते म्हणून लोक ती शेवटावर ढकलतात, आणि मग ती होतच नाही. आधी करा. थर बदलला तर तुमच्या नळीत तेलाची वाफ, कार्बन किंवा आधीच्या प्रयोगाचा कचरा आहे, आणि पुढचं काही मोजण्यात अर्थ नाही.

दुसरी फेरी कोरड्या हायड्रोजनची. सिलिंडरनंतर ओलावा शोषणारा मॉलिक्युलर सीव्हचा सापळा लावा. थर आधी काळवंडेल, मग पुढे सरकून लोहाकडे जाईल.

तिसरी फेरी ओल्या हायड्रोजनची, आणि माझ्या मते या सगळ्यात शिकण्यासारखी हीच. तेच मिश्रण २५ अंशांच्या पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढत न्या. त्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब ३.१७ किलोपास्कल असतो, म्हणजे वायूत सुमारे ३ टक्के वाफ आली. आता ४०० अंशांना मॅग्नेटाइटपासून लोह व्हायचं असेल तर वायूतली वाफ हायड्रोजनच्या साधारण आठव्या हिश्शाहून कमी असावी लागते. तुमच्याकडे ती निम्म्याहून जास्त आहे. त्यामुळे थर मॅग्नेटाइटवर येऊन थांबतो, कितीही वेळ ठेवला तरी. हेमॅटाइट ते मॅग्नेटाइट या पायरीला मात्र एवढी वाफ आडवी येत नाही. म्हणजे वायू तोच, भट्टी तीच, आणि पाण्याच्या एका बाटलीने शेवटचा पदार्थ बदलला. उलट बाजूने पाहिलं तर हीच जुनी गोष्ट आहे: फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि मनिए यांनी १७८४ मध्ये तापलेल्या लोखंडावरून वाफ सोडून हायड्रोजन मिळवला होता. एकच समतोल, दिशा तेवढी उलटी.

कोरड्या फेरीत आणखी एक गोष्ट दिसेल. बराच वेळ काही हलत नाही, मग अचानक वेग येतो. पहिला प्रश्न आठवा, रेणू तोडला कोणी? सुरुवातीला ऑक्साइडच्या रचनेतले मोजके दोष हे काम करतात. एकदा धातुरूप लोहाचा पहिला ठिपका तयार झाला की तो हायड्रोजन सहज तोडतो आणि आजूबाजूचा ऑक्साइड झपाट्याने जातो. क्रिया स्वतःच स्वतःला वेग देते. म्हणून ‘तासाला इतकं क्षपण’ असा सरासरी आकडा इथे फसवा ठरतो. काळानुसारचा आलेखच काढा.

पाहायचं कशाने

रंग हा पहिला संकेत. दुसरा, कुणी फारसं वापरत नाही असा, म्हणजे विद्युतरोध. थरावर दोन तारा टेकवून नळीबाहेर काढा आणि तापमान चालू असतानाच रोध नोंदवत राहा. हेमॅटाइट खोलीच्या तापमानाला साध्या मल्टीमीटरच्या आवाक्याबाहेर असतो. मॅग्नेटाइट झाला की रोध काही किलोओहमच्या टप्प्यात येतो. लोह झालं की आणखी घटायला हवा, पण इथे गंमत होते: लोह मूळ हेमॅटाइटच्या निम्म्याहूनही कमी जागा व्यापतं, त्यामुळे थर सच्छिद्र होतो किंवा बेटांमध्ये तुटतो, आणि रोध पुन्हा वाढू शकतो. चुंबकाची परीक्षा करू नका असं नाही, पण मॅग्नेटाइट आणि लोह दोन्ही ओढले जातात, तेव्हा त्या दोघांतला फरक तिच्याने कळणार नाही.

रामनमध्ये (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखणाऱ्या तंत्रात) हेमॅटाइटच्या रेषा २२५, २९२ आणि ४१० च्या आसपास येतात, मॅग्नेटाइटची मुख्य रेषा ६६५ ते ६७० ला (सगळे आकडे प्रति सेंटिमीटर). लेझरची शक्ती कमीत कमी ठेवा. जोरदार लेझर मॅग्नेटाइटला हवेत तापवून तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा हेमॅटाइट करतो, आणि तुम्ही लिहिता की क्षपण झालंच नाही. क्ष-किरण विवर्तन करायचं तर तिरप्या कोनात करा, नाहीतर खालच्या तुकड्याचाच आलेख मिळेल.

एक्सपीएसबद्दल, म्हणजे क्ष-किरणांनी पृष्ठभागातून उडवलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणाऱ्या तंत्राबद्दल, सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेकांचा निकाल तिथेच ठरतो आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात. लोहाच्या २पी ३/२ शिखराची जागा धातूसाठी सुमारे ७०७ इलेक्ट्रॉन व्होल्ट, दोन धनभाराच्या लोहासाठी ७०९.५ च्या आसपास आणि तीन धनभारासाठी ७११ च्या जवळ असते. पण शुद्ध हेमॅटाइट क्वार्ट्झवर भारित होतो आणि सगळी शिखरं सरकतात. मॅग्नेटाइट वाहक असल्याने तेवढी सरकत नाहीत. म्हणून नुसत्या जागेवर विसंबू नका, उपशिखरं बघा. हेमॅटाइटमध्ये ७१९ च्या आसपास स्पष्ट उपशिखर दिसतं. मॅग्नेटाइटमध्ये तिथे नजरेत भरेल असं काही दिसत नाही. हा आकार जागेपेक्षा जास्त विश्वासाचा. ऑक्सिजनच्या १एस शिखरात ५३० ला ऑक्साइड आणि ५३१.५ च्या आसपास हायड्रॉक्सिलचा खांदा येतो, पण हवेतून चिकटलेला कार्बनी मळही तिथेच येतो. कार्बनचा आलेख शेजारी ठेवल्याशिवाय त्या खांद्याला हायड्रॉक्सिल म्हणू नका.

तो मळ काढायला ‘थोडं आर्गॉन एचिंग करून देऊ का?’ असं ऑपरेटर आपुलकीने विचारतो. नको म्हणा. आर्गॉनचे आयन ऑक्सिजन जास्त उडवतात आणि हेमॅटाइटचं स्वतःच क्षपण करतात; हायड्रोजनचं काम आणि आयनांचं काम मग वेगळं करता येत नाही.

दुसरी अडचण वाहतुकीची. नमुना भट्टीतून काढून मुंबईच्या आयआयटीत किंवा पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मोजायला नेला, की वाटेतच हवेत उघड्या लोहावर दोनतीन नॅनोमीटर ऑक्साइड बसतो. एक्सपीएस वरचे पाच ते दहा नॅनोमीटरच पाहतं, म्हणजे बराचसा आलेख त्या नव्या थराचा. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे आणखी लवकर. नमुना पूर्ण थंड झाल्यावर आर्गॉनमध्येच बंद करा आणि भट्टी ते मोजमाप यात गेलेला वेळ वहीत लिहा. त्याने नवा थर टळत नाही, पण निदान अंदाज बांधता येतो. लोहाची बारीक भुकटी करत असाल तर ती एकदम हवेत उघडू नका, पेटू शकते. आधी थोड्या ऑक्सिजनच्या प्रवाहात तिच्यावर हळूहळू ऑक्साइडचा पातळ थर बसू द्या.

अतिनिर्वात मिळालं तर

हायड्रॉक्सिलपाशी थांबलेली क्रिया आणि पाणी होऊन गेलेली क्रिया यांचा खरा निवाडा अतिनिर्वातात, म्हणजे वायू जवळजवळ पूर्ण काढलेल्या कक्षात, होतो. तिथला जुना नमुना म्हणजे प्लॅटिनमच्या स्फटिकाच्या (१११) या प्रतलावरचा एका थराचा लोह-ऑक्साइड: साधारण एक थर लोह चढवायचं, सुमारे १००० केल्व्हिनला विरळ ऑक्सिजनमध्ये तापवायचं. ऑक्साइड आणि प्लॅटिनम यांच्या अणूंमधली अंतरं जुळत नाहीत, म्हणून एसटीएममध्ये (पृष्ठभागावरचे अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) सुमारे अडीच नॅनोमीटरची मोठी नक्षी उमटते. ती सुबक आणि अखंड दिसली तर थर चांगला. कुठे प्लॅटिनम उघडं राहिलं असेल तर तेच रेणू तोडतं आणि थर कडेकडेने खाल्ला जातो. तुम्ही ऑक्साइडची क्रिया मोजत नसून भोकांची मोजत असता.

अखंड थरावर हायड्रोजनचे अणूच पाठवावे लागतात, तापलेल्या टंगस्टनवरून वायू नेऊन. इथे एक छुपा चोर आहे: दाब मोजणाऱ्या आयन गेजचा तापलेला तंतूही रेणू तोडतो. ‘रेणूरूप हायड्रोजनची क्रिया झाली’ असं लिहिण्याआधी गेज बंद करून फेरी पुन्हा करा. हा गेज हायड्रोजनचा दाब निम्म्याहून कमी दाखवतो. वाचलेला आकडा सुमारे २.२ ने गुणावा लागतो. बाहेर येणारं पाणी ओळखायला ड्यूटेरियम (हायड्रोजनचं जड रूप) वापरणं चांगलं, कारण साधं पाणी कक्षात नेहमीच असतं. वायूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात जड पाणी २० ला दिसतं. पण आदल्या दिवशी स्पटरिंग केलं असेल तर दोन धनभारांचा आर्गॉनही २० लाच दिसतो. ४० कडे बघा. तिथे आर्गॉन नसेल तर २० खरं.

निर्वातातही ओलाव्याला विसरू नका. २०१२ मध्ये आऱ्हुस विद्यापीठाच्या गटाने विस्कॉन्सिनच्या सहकाऱ्यांसोबत याच थरावर दाखवलं की पाण्याचा एखादा रेणू प्रोटॉन उचलून पुढच्या ऑक्सिजनवर ठेवतो, आणि नाहीतर जवळजवळ जागचा न हलणारा हायड्रोजन भराभर सरकायला लागतो.

एवढं जमलं की पुढचा प्रयोग भट्टीतच करता येतो. हेमॅटाइटच्या थरावर मुखवट्यातून (भोकं पाडलेल्या पातळ पत्र्यातून) प्लॅटिनमचे ठिपके चढवा आणि कोरड्या मिश्रणात ४०० च्या बऱ्याच खालून, अगदी १५० अंशांपासून, हळूहळू वर जा. ठिपक्याखालचा आणि शेजारचा भाग आधी बदलतो का, आणि बदल किती लांब पोचतो, ते बघा. स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने २०१७ मध्ये याच धर्तीवर प्लॅटिनम आणि लोह-ऑक्साइडचे कण मोजक्या अंतरांवर ठेवून पाहिलं. टायटेनियम ऑक्साइडच्या आधारावर हायड्रोजन सगळ्या अंतरांपर्यंत पोचला, ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर) मात्र सुमारे १५ नॅनोमीटरमध्येच त्याचा जोर ओसरला. तुमच्या थरावर आधारच लोह-ऑक्साइडचा आहे, त्यामुळे बदललेला भाग स्वतःही पुढे वाहक होत जातो. ठिपक्यांमधली अंतरं आधीच वेगवेगळी ठेवा आणि एक तुकडा ठिपक्यांशिवाय त्याच नळीत शेजारी ठेवा.